दोघांचं द्रावण

मिरजेच्या बाजारात माप घेणारे आरसे आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बाईनं समोर उभं राहायचं, आरसा क्षणात अंगाची सगळी मापं टिपतो आणि संध्याकाळी ब्लाऊज घरपोच येतो. तरी वैजयंती मगदूमच्या दुकानातली गर्दी हटली नव्हती. आरशासमोर बाई पोट आत घेऊन, श्वास रोखून ताठ उभी राहते. पण ब्लाऊज घालून ती काही जन्मभर तशी उभी राहत नाही. ती पोळ्या लाटते, फडताळावरचा डबा काढते, पोट धरून हसते. वैजयंती माप घेताना बाईला बोलतं करायची आणि ती हसली की नेमका तेव्हा टेप आवळायची. तिनं शिवलेला ब्लाऊज हसताना उसवत नाही अशी ख्याती थेट सांगलीपर्यंत होती.

साऱ्या गावाला नेटकं शिवून देणाऱ्या या बाईचा स्वतःचा ब्लाऊज मात्र डाव्या बाजूला कापसाच्या उशीवर बसत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कर्करोगानं डावा स्तन गेला होता. रोग मुळापासून गेला, जीव वाचला, आणि मग डॉक्टरांनी तिथं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. वर्षभरात ते सुपारीसारखं टणक झालं. हात वर होईना, कात्री धरली की खांद्यापर्यंत कळ जायची. शेवटी ते काढून टाकावं लागलं. तिथली कातडी आता पातळ झाली होती. आणखी एकदा सोसेल, त्यानंतर नाही, असं तिला स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

तो एक डाव वैजयंतीला खेळायचा होता.

"आता या वयात कुणाला दाखवायचंय गं?" तिच्या नणंदेनं, मंगलवन्संनी विचारलं. मंगलवन्सं नवरा गेल्यापासून माहेरी, म्हणजे वैजयंतीच्याच घरी राहायच्या आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायच्या.

"मलाच बघायचंय," वैजयंती म्हणाली. "आंघोळ मी रोज करते, वन्सं."

वन्संनी यावर आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

सई, वैजयंतीची सून, तिला नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर पटवेकर उंच, घाई नसलेल्या बाई होत्या. त्यांनी आधी वैजयंतीच्या ब्लाऊजच्या शिलाईचं कौतुक केलं आणि मग कामाचं बोलायला घेतलं.

"पहिल्या वेळी तुमच्या डॉक्टरांनी काही चूक केली नव्हती," त्या म्हणाल्या. "इम्प्लांट ठेवायची जागा आम्ही जंतुनाशकानं धुतो. ते तांबूस आयोडीनचं पाणी तुम्ही पाहिलं असेल. इम्प्लांटही त्यातच बुडवतो. हातमोजे बदलतो, कातडीला लागू न देता ते आत सरकवतो. ते सगळं आजही करतो आणि त्यानं बहुतेक जंतू मरतात. पण कातडीच्या रंध्रांत खोल दडलेले चार-दोन उरतात. त्यांना सिलिकॉनसारखी जागा आवडते. ते चिकटतात आणि वाट बघत बसतात."

"कशाची वाट?"

"आपण पुरेसे झालो का याची. प्रत्येक जंतू एक रसायन सोडत असतो, वासासारखं समजा. एकटा असला की वास विरून जातो. संख्या वाढली की वास दाट होतो, मग त्यांना कळतं, आपण पुष्कळ आहोत. तेव्हा सगळे मिळून एक चिकट पडदा विणतात आणि त्याच्याखाली राहतात. तिथं औषध पोचत नाही. शरीराला मात्र चाहूल लागते. ते इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जातं. तीच तुमची सुपारी."

वैजयंतीचे यजमान हयात असेपर्यंत एका सहकारी पतसंस्थेचे सचिव होते. तिला हे ऐकताच सगळं समजलं.

"म्हणजे गणपूर्ती झाली की ठराव मंजूर," ती म्हणाली.

डॉक्टर मनापासून हसल्या. "अगदी तसंच. म्हणून आता आयोडीननंतर आम्ही दुसरं एक द्रावण वापरतो. ते कुणाला मारत नाही. त्यांचा वास तेवढा गिळतं, आणि इम्प्लांटच्या पृष्ठावर ते वर्षानुवर्षं टिकतं. शंभर जंतू असले तरी प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आलोय. सभा कायमची तहकूब."

या द्रावणाला कागदोपत्री मोठं नाव होतं, पण दवाखान्यातले सगळे त्याला गपपाणी म्हणत. अडचण एवढीच होती, की माणसामाणसाच्या जंतूंची बोली वेगळी असते. दर बारा कोसांवर आपली भाषा बदलते, त्यांची दर कातडीला बदलते. त्यामुळे गपपाणी तयार मिळत नसे. छातीच्या कातडीवरून कापसाच्या बोळ्यानं नमुना घ्यायचा, त्यातल्या जंतूंचं रसायन तपासायचं आणि त्या एका माणसापुरतं द्रावण बनवायचं. वैजयंतीनं नमुना दिला आणि ती निश्चिंत मनानं दुकानात परतली.

आठवड्यानं डॉक्टरांनी दोघींना परत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि काळजी अशी मिसळ होती.

"वैजयंतीताई, तुम्ही कुस्ती खेळता का?"

"मी?"

"तुमच्या छातीवर निम्मी मिरज आहे. इतक्या माणसांचे जंतू मी फक्त तालमीतल्या पैलवानाच्या अंगावर पाहिलेत. आणि सुक्या भोपळ्यावर वाढणारी एक जातसुद्धा सापडली. मी कुणाकुणाच्या बोलीचं द्रावण बनवू?"

भोपळा म्हटल्यावर वैजयंतीच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला. पण तेवढ्यात सई मोठ्यानं हसायला लागली आणि तिनं सासूच्या गळ्याकडं बोट दाखवलं.

गळ्यात टेप होता. दवाखान्यात येतानासुद्धा तो काढायचं वैजयंतीच्या ध्यानात आलं नव्हतं. सोन्याची साखळी एक वेळ खुंटीला राहील, टेप राहायचा नाही. वाकल्यावर तो घसरू नये म्हणून त्याचं पितळी टोक ब्लाऊजच्या गळ्यात आत खोचायची तिला सवय होती. हा टेप दिवसभर बायकांच्या अंगाभोवती फिरे आणि दर वेळी तिच्या छातीवर येऊन विसावे.

"आणि भोपळा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवतात, भोपळ्यावर चढवायच्या खोळी," सई म्हणाली. "वाद्याचं मापही याच टेपनं घेतात."

"बरं झालं. टेपवरून आलेले पाहुणे असतात, राहायला आलेले नसतात. महिनाभर टेप गळ्यात घालू नका, पाहुणे आपोआप जातील. मग पुन्हा नमुना घेऊ."

वैजयंतीनं टेप गळ्यातून काढून पिशवीत टाकला. टेपनं तिची लाज राखली होती. निदान तिला तसं वाटलं.

भोपळ्यांचा माणूस म्हणजे दिगंबर सुतार. मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. ते तंबोऱ्यांची जवारी लावायचे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून घासून अशी करायचे की सूर घुमला पाहिजे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गवसण्या शिवून घ्यायला ते वैजयंतीकडे यायचे. पहिलं इम्प्लांट काढल्यावर डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की व्रणावर रोज खोबरेल तेल चोळत जा, नाहीतर कातडी आखडेल. पण तिला तिकडं बघवत नसे. एका दुपारी दुकान बंद करता करता, वरचा तागा काढायला हात उचलेना तेव्हा ती रडली आणि समोर उभ्या असलेल्या सुतारांना तिनं सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, ते तिलाही कळलं नाही. सुतारांनी हातातली गवसणी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझ्या बोटांना सवय आहे, बाई. कुठं उंचवटा आहे, कुठं दबलंय, ते बोटाला कळतं. तुमची हरकत नसेल तर."

पहिल्या दिवशी तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. नंतर नंतर मिटायचं विसरली. हात वर जाऊ लागला, ते त्या रोज दुपारच्या तेलामुळं. दोघं अजूनही एकमेकांना बाई आणि सुतार म्हणत, पण त्या हाकेत काय होतं ते दोघांना ठाऊक होतं. वैजयंतीचं त्यांच्यावर प्रेम होतं. फक्त ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर तिनं सुतारांना फोन केला. "महिनाभर येऊ नका."

"बरं," सुतार म्हणाले आणि कारण विचारलं नाही. कारण न विचारणं ही त्यांची जुनी खोड होती. तिचा तो महिना फार वाईट गेला.

वैजयंतीचा मुलगा ऋतुराज पुण्याला नोकरीला होता. आजारपणाच्या सुरुवातीला आईनं पहिली गाठ लपवली होती, म्हणून त्यानं घरच्या फोनला दवाखाना जोडून दिला होता. रिपोर्ट आला की फोन तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवी. दुसऱ्या नमुन्याचा रिपोर्ट नेमका जेवणाच्या वेळी आला. त्या दिवशी ऋतुराजही घरी होता.

"नमुन्यात आता दोन व्यक्तींचे जंतू आढळतात," फोन गोड आवाजात म्हणाला. "पहिली व्यक्ती रुग्ण स्वतः. दुसऱ्या व्यक्तीचे जंतू व्रणाच्या कातडीत कायमचे स्थिरावले आहेत. ही व्यक्ती रुग्णाच्या नियमित निकट स्पर्शातली आहे. द्रावणासाठी तिचा नमुना आवश्यक आहे."

फोनला लाज नसते. त्यानं तेच पुन्हा एकदा वाचलं.

वैजयंतीचा घास हातातच राहिला. पण मंगलवन्संनी भरल्या तोंडानं जाहीर केलं, "मीच ती. आजारपणात रोज अंबाबाईचा अंगारा कोण लावत होतं? माझंच पुण्य मुरलंय तिच्यात."

दुसऱ्या दिवशी वन्सं ठेवणीतली इरकल नेसून नमुना द्यायला गेल्या. रांगेतल्या बायकांना त्यांनी सांगितलं, की भावजयीचा जीव आता आपल्याच हातात आहे. निकाल आला तो नाही असा. सईनंही नमुना दिला; तिचाही नव्हे.

"माझे जंतू नापास केले," वन्सं दिवसभर म्हणत राहिल्या. "त्या यंत्राला काय अक्कल आहे?" सईनं मात्र सासूकडं एकदा नीट पाहिलं आणि काही न विचारता तिच्या ताटात भाकरी वाढली. पोरगी शहाणी होती.

डॉक्टर पटवेकरांनी वैजयंतीला एकटीला आत बोलावलं. "मला नाव नको," त्या म्हणाल्या. "नमुना हवा. पाहुणे जातात, पण हे भाडेकरू आहेत, निघायचे नाहीत. द्रावण फक्त तुमच्या बोलीचं बनवलं तर तुमचे जंतू गप्प बसतील आणि हे सभा भरवतील. नाहीतर नुसत्या आयोडीनवर ऑपरेशन करू. पण मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आणि यापुढची संधी नाही."

वैजयंती तिथून तडक सुतारांच्या दुकानात गेली. आढ्याला भोपळे टांगलेले होते, सुतार घोडी घासत बसले होते. तिला पाहून ते उभे राहिले आणि महिन्याभरात चेहऱ्यावर धरलेली धूळ एकदम उतरली. तिनं सगळं सांगितलं.

"एवढंच ना," सुतार म्हणाले. "मी सकाळी लवकर मागच्या दारानं जातो, नमुना देतो आणि येतो. डॉक्टरीणबाई नाव विचारत नाहीत म्हणता. तुमच्या नावाला बट्टा नको."

हे सोपं होतं. कुणाला काही कळलं नसतं. वैजयंतीनं तसा विचार वाटेत केलाही होता. पण त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला राग आला.

"बट्टा? मी तुम्हाला बट्टा समजते असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही नाही समजत. ऋतुराज समजेल."

तिची सगळी भीती त्या एका नावात होती. बापामागं तिनं त्याला एकटीनं वाढवलं होतं. आई म्हणजे देव्हारा, असा त्याचा भाव. देव्हाऱ्याला आपलं माणूस नसतं. तिनं जरा वेळ भोपळ्यांकडं बघितलं.

"त्याला मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्या दारानं या."

शनिवारी ऋतुराज आला तेव्हा तिनं चहा पुढं ठेवला आणि आढेवेढे न घेता बोलली. "ती दुसरी व्यक्ती दिगंबर सुतार आहेत."

"तंबोऱ्यांचे?"

"तेच."

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून. व्रणाला तेल तेच लावायचे."

ऋतुराजनं कपाकडं बघितलं. "लोक काय म्हणतील ते मी बोलणार नाही," तो म्हणाला. "पण मी दर रविवारी फोनवर विचारायचो, तेल लावतेस ना? तू म्हणायचीस, लावते. एवढी यंत्रं जोडली, तुझं काही लपून राहू नये म्हणून. आणि मला एका रिपोर्टातून कळावं?"

"तू रागावशील अशी भीती वाटली."

"मी रागावलोच आहे," तो म्हणाला. चहा तसाच ठेवून, न जेवता, तो मिळेल त्या गाडीनं पुण्याला परतला. आईच्या हातचं न खाता तो कधी घरातून गेला नव्हता. वैजयंती स्वयंपाकघरात बसून रडली. तिला फार वाईट वाटलं. पण बोललेलं परत घ्यावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

दारामागं उभ्या असलेल्या मंगलवन्सं आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मला संशय होताच," त्या म्हणाल्या. "तंबोरा एकदा मापला की मापला. तो काय दर महिन्याला वाढतो होय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "माणूस बरा आहे. पण मला आधी सांगितलं असतंस, तर ती इरकल तरी मळवली नसती."

सुतार वैजयंतीबरोबर दवाखान्याच्या पुढच्या दारानं आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. नमुना घेणाऱ्या मुलीनं रीतीप्रमाणं विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?"

सुतार घुटमळले. "ओळखीचा," ते हळूच म्हणाले.

"ओळखीचे नाहीत," वैजयंती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझे आहेत."

द्रावण तयार झालं ते तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं. त्यात दोघांच्या बोलीवर उतारा होता. ऑपरेशन ठरल्याप्रमाणं पार पडलं. आधी तांबूस आयोडीननं जागा धुतली, मोजे बदलले, मग दोघांच्या गपपाण्यात बुडवलेलं इम्प्लांट कातडीला न लागू देता आत सरकलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "छान बसलंय. शिंपीणबाईंनाही पसंत पडेल." फक्त एक नियम होता. जखम ओली आहे तोवर द्रावणात ज्यांची बोली नाही त्यांनी उघड्या हातानं तिला धरायचं नाही. नवा पाहुणा आत शिरायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं डोळे उघडले तेव्हा खोलीत सुतार खिडकीशी उभे होते, वन्सं खुर्चीत आणि सई दाराशी. आणि सईच्या मागं ऋतुराज होता. पहाटेच्या गाडीनं आलेला, दाढी वाढलेली. तो सुतारांकडं बघत नव्हता आणि सुतार त्याच्याकडं. दोघांच्या मधली जागा कुणी ओलांडत नव्हतं.

नर्स आली. "चला, आज थोडं चालायचं. मला एक हात लागेल उठवायला."

ऋतुराज लगेच पुढं झाला. आजारपणात आईला त्यानंच उठवलं होतं, बसवलं होतं, जिन्यावरून उचलून आणलं होतं. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"तुम्ही नको," नर्स म्हणाली. "तुम्ही द्रावणात नाही."

ऋतुराज तसाच उभा राहिला. हात तसेच पुढं. वैजयंतीला वाटलं, आता हा पुन्हा निघून जाईल. खिडकीशी सुतार जागचे हलले नाहीत. बोलावल्याशिवाय यायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं.

ऋतुराजनं हात खाली घेतले. एकदा आईकडं पाहिलं, मग खिडकीकडं वळला.

"काका," तो म्हणाला, "तिला उजवीकडनं धरा. डावा खांदा दुखतो तिचा."

सुतार पुढं आले. त्यांनी तिच्या पाठीखाली हात घातला आणि ती सावकाश उठून उभी राहिली. खोलीच्या दारापर्यंत जायचं होतं. ऋतुराज त्यांच्या पुढं उलटा चालत होता आणि वाटेतल्या खुर्च्या एकेक करून बाजूला करत होता.